आपापल्या चालीने शिकणे : संगणक-साक्षरतेचा एक अभ्यासपाठ

आमच्या ओळखीच्या एका कुटुंबातील मुलगी पी.यू.सी.च्या दुसऱ्या वर्षाला चांगल्या गुणांनी उत्तीर्ण झाली. पुढील शिक्षणासाठी तिला शिष्यवृत्ती मिळण्यासारखी होती. अर्ज अर्थातच संगणकावरून करावयाचा होता. घरातील पद्धतीप्रमाणे ती कागदांची पिशवी घेऊन झेरॉक्सच्या दुकानात गेली. दुकानदाराने पंधरा मिनिटांत अर्ज भरून दिला, त्याचे पैसे घेतले आणि पावती हाती दिली. काम झाले, असे सर्वांना वाटले.

दोन महिन्यांनी चौकशी केली तेव्हा खरा प्रकार कळला. उत्पन्नाचा दाखला अस्पष्ट दिसत असल्यामुळे अर्ज दुरुस्तीसाठी परत आला होता. तसा निरोपही कार्यालयाने पाठविला होता; परंतु अर्जात मोबाइल क्रमांक दुकानदाराचा होता! रोज शेकडो संदेश येणाऱ्या त्या मोबाइलवर हा एक संदेश कुठे दिसणार? दुरुस्तीची मुदत संपून गेली होती. त्या वर्षीचे पैसे गेले ते गेलेच. वडिलांनी पतपेढीचे कर्ज काढून फी भरली.

आम्ही तिला विचारले, "अगं, तुझ्याजवळ तर मोबाइल आहे. दिवसभर तो तुझ्या हातात असतो. अर्ज तू स्वतः का नाही भरलास?" ती म्हणाली, "काकू, मोबाइल येतो मला. पण अर्ज भरायचा असतो म्हणजे काय करायचं असतं, हे कोणी दाखवलंच नाही. चुकलं तर काय, अशी भीती वाटली."

तिच्या ह्या उत्तरात आपल्या आजच्या पाठाचा सगळा विषय आलेला आहे. "मोबाइल येतो" आणि "काम करता येते" ह्या दोन गोष्टींमध्ये किती अंतर आहे, आणि ते अंतर आपापल्या चालीने शिकण्याच्या पाठांनी कसे भरून काढता येईल, ह्याचा आपण क्रमाने विचार करू.

१. संगणक-साक्षरता म्हणजे काय?

ज्याला अक्षरे ओळखता येतात पण आलेले पत्र वाचून त्याचे उत्तर लिहिता येत नाही, त्याला आपण पुरता साक्षर म्हणत नाही. हाच न्याय येथेही लावला पाहिजे. पॉल गिल्स्टर ह्या लेखकाने १९९७ साली ह्याच विषयावर पुस्तक लिहिले, तेव्हाच त्याने सांगून ठेवले की, कोणती कळ दाबावी हे माहीत असणे म्हणजे ही साक्षरता नव्हे. पडद्यावर जे दिसते ते समजून घेणे आणि पारखणे ही साक्षरता होय.

आपल्या देशातील स्थिती काय आहे? 'असर' ह्या नावाने प्रसिद्ध असलेल्या पाहणीत २०२३ साली २६ राज्यांतील २८ जिल्ह्यांच्या ग्रामीण भागात १४ ते १८ वर्षे वयाच्या सुमारे ३४ हजार मुलामुलींस भेटून त्यांना मोबाइलवर प्रत्यक्ष कामे करावयास दिली. जवळजवळ ९० टक्के घरांत स्मार्टफोन आढळला. ज्यांना चाचणीसाठी फोन आणता आला त्यांच्यापैकी सुमारे ८० टक्के मुलांना यूट्यूबवर सांगितलेली चित्रफीत शोधता आली. इंटरनेटवरून एका प्रश्नाचे उत्तर शोधणे सुमारे ७० टक्क्यांना जमले. परंतु गूगलच्या नकाशावरून एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जाण्यास किती वेळ लागेल, हे एक तृतीयांशाहून थोड्या अधिक मुलांनाच सांगता आले.

ह्या आकड्यांवरून एक गोष्ट लक्षात येते. करमणुकीसाठी लागणारे कौशल्य मुले आपोआप शिकतात. कामासाठी लागणारे कौशल्य आपोआप येत नाही. ते शिकवावे लागते.

ह्यासाठी सरकारी प्रयत्न झाले नाहीत असे नाही. ग्रामीण कुटुंबांतील प्रत्येकी एका व्यक्तीस २० तासांचे शिक्षण देण्याची प्रधानमंत्री ग्रामीण डिजिटल साक्षरता योजना २०१७ साली सुरू झाली. तिच्यात ६ कोटींहून अधिक लोकांना प्रशिक्षण मिळाले, आणि ३१ मार्च २०२४ रोजी ती समाप्त झाली. म्हणजे पुढचे काम घराघरांनी, शाळांनी आणि आपल्यासारख्या मंडळ्यांनी उचलण्याचे आहे.

२. ही कल्पना नवी नाही

आपापल्या चालीने शिकण्याची कल्पना इंटरनेटबरोबर जन्मास आली असे पुष्कळांस वाटते. ती त्याहून जुनी आहे. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर १९५३ साली आपल्या मुलीच्या गणिताच्या वर्गात जाऊन बसले होते. तेथे त्यांना दोन गोष्टी खटकल्या. वर्गातील सर्व मुलांना, हुशार असोत वा मंद असोत, एकाच वेगाने चालावे लागत होते. आणि आपले उत्तर बरोबर की चूक हे मुलांना लगेच कळत नव्हते. ह्यातूनच त्यांनी शिकविण्याचे यंत्र तयार केले. धडा लहान लहान पायऱ्यांत मांडलेला, प्रत्येक पायरीवर प्रश्न, आणि उत्तर दिल्याबरोबर निकाल, अशी त्याची रचना होती.

पुढे फ्रेड केलर ह्या प्राध्यापकांनी आपल्या सहकाऱ्यांसह ब्राझीलमध्ये ह्याच विचारावर एक पद्धत बसविली आणि १९६८ साली तिच्याविषयी एक गाजलेला लेख लिहिला. त्या पद्धतीत विद्यार्थी स्वतःच्या वेगाने धडा वाची. एक धडा पक्का झाल्याशिवाय पुढचा धडा मिळत नसे. परीक्षा पुन्हा पुन्हा देता येई आणि नापास झाल्याचा डाग लागत नसे. परंतु केलर ह्यांनी विद्यार्थ्याला एकटे सोडले नव्हते, हे विसरून चालणार नाही. तोच अभ्यास आधी केलेला एक थोरला विद्यार्थी जवळ बसलेला असे. तो उत्तरे तपासी, चूक दाखवी आणि धीर देई. कागदाच्या जागी आज पडदा आला, पण ह्या सोबत्याची गरज संपलेली नाही. ह्या मुद्द्याकडे आपण पुढे परत येऊ.

३. एक चांगले उदाहरण

इंटरनेटवर आज शिकण्याचे साहित्य विपुल आहे. केंद्र सरकारची 'स्वयम्' आणि 'दीक्षा' ही दोन्ही व्यासपीठे २०१७ साली सुरू झाली. पहिल्यावर मुख्यतः महाविद्यालयीन अभ्यासक्रम आहेत आणि दुसऱ्यावर शालेय साहित्य. परंतु संगणक हाताळण्याचे प्राथमिक शिक्षण आपल्या भाषेत हवे असेल तर मुंबईच्या आय.आय.टी.त प्रा. कन्नन मौदगल्य ह्यांच्या मार्गदर्शनाखाली तयार झालेले 'स्पोकन ट्युटोरियल' अभ्यासण्यासारखे आहेत. ते विनामूल्य आहेत.

ह्या पाठांची घडण समजून घेण्यासारखी आहे. प्रत्येक पाठ सुमारे दहा मिनिटांचा असतो. त्यात शिक्षकाचा चेहरा दिसत नाही; दिसतो तो फक्त संगणकाचा पडदा, आणि त्यावर एक एक क्रिया होत असता बोलणारा ती समजावून सांगत असतो. पाठ तयार झाला की त्या विषयातील अगदी नवख्या माणसाकडून तो आधी तपासून घेतला जातो. नवखा जेथे अडेल तेथे पाठ सुधारावयाचा, असा दंडक आहे. विद्यार्थ्यानेही तो नुसता पाहावयाचा नाही. पडद्याच्या एका बाजूस पाठ ठेवावयाचा आणि दुसऱ्या बाजूस प्रत्यक्ष काम. बोलणाऱ्याने एक क्रिया केली की पाठ थांबवावा, तीच क्रिया आपण करावी, जमली की पुढे जावे, आणि न जमल्यास मागे न्यावे.

भाषेचा प्रश्नही ह्या लोकांनी व्यवहारी बुद्धीने सोडविला आहे. पडद्यावरील शब्द इंग्रजीच ठेवले आहेत, कारण नोकरीच्या ठिकाणी तेच दिसणार. मात्र समजावून सांगणारा आवाज मराठीत, कन्नडमध्ये, हिंदीत, गुजरातीत, तेलुगूत ऐकता येतो. सर्वच पाठ सर्वच भाषांत आहेत असे नाही, पण प्राथमिक विषयांचे पुष्कळ आहेत. बेळगावच्या, इंदूरच्या किंवा वडोदऱ्याच्या आपल्या मुलांना ह्याचे महत्त्व निराळे सांगावयास नको. घरात एक भाषा, शाळेत दुसरी आणि परीक्षेत तिसरी, अशी त्यांची ओढाताण असते. वर्गात न समजलेली गोष्ट "सर, पुन्हा सांगा" असे म्हणण्याचा त्यांना संकोच वाटतो. पाठाला मात्र दहा वेळा मागे नेले तरी तो रागावत नाही, की शेजारचे हसत नाहीत.

४. दोष कोठे आहेत?

ह्या पद्धतीचे गुण सांगून दोष लपविले तर वाचकांची फसवणूक होईल. आमच्या मते मुख्य दोष चार आहेत.

पहिला दोष चालढकलीचा. "केव्हाही शिका" ह्याचा अर्थ मन "उद्या शिका" असा लावते. केलर ह्यांच्या काळापासून ही तक्रार आहे. अमेरिकेतील हार्वर्ड आणि एम.आय.टी. ह्या विद्यापीठांच्या विनामूल्य ऑनलाइन अभ्यासक्रमांचा हिशेब २०१९ साली प्रसिद्ध झाला. त्यात असे दिसले की २०१७-१८ साली नाव नोंदविणाऱ्या शंभरांपैकी सुमारे तिघांनीच अभ्यासक्रम पुरा केला. परंतु ज्यांनी फी भरून प्रमाणपत्राची वाट धरली होती, त्यांच्यापैकी जवळजवळ निम्म्यांनी तो पुरा केला. ह्यात पैशापेक्षा निश्चयाचा भाग मोठा असावा, असे आम्हाला वाटते.

दुसरा दोष पाहण्यालाच शिकणे समजण्याचा. चित्रफीत पाहताना सगळे सोपे वाटते. पाठ बंद करून बसल्यावर हात चालत नाहीत. वाचलेला मजकूर पुन्हा वाचण्यापेक्षा तो न पाहता आठवून लिहिणाऱ्यांच्या आठवड्यानंतर अधिक लक्षात राहतो, हे रोडिगर आणि कार्पिक ह्या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली प्रयोगाने दाखविले. आपल्या आजी पाढे पाठ करून घेताना पुस्तक मिटावयास सांगत, ते उगीच नव्हे.

तिसरा दोष एकटेपणाचा. जेथे पडद्यावर अनपेक्षित सूचना येते तेथे नवखा घाबरतो आणि सोडून देतो. त्या क्षणी "काही बिघडत नाही, मागे जा" एवढेच सांगणारा कोणी असला तर पुरतो.

चौथा दोष पाठांचा नव्हे, आपल्या घरांचा आहे. वर सांगितलेल्या 'असर'च्या पाहणीत, स्मार्टफोन वापरता येणाऱ्या मुलांपैकी ४३.७ टक्क्यांचा फोन स्वतःचा होता. मुलींत हे प्रमाण अवघे १९.८ टक्के होते. घरातील एकच फोन संध्याकाळी वडिलांकडे आणि रात्री भावाकडे असेल, तर बहिणीने आपल्या चालीने शिकावे तरी कधी? ज्या घरात ही अडचण आहे तेथे मुलीचा वेळ ठरवून देणे हे आईवडिलांचे काम आहे.

५. सहा आठवड्यांचा क्रम

हे सर्व लक्षात घेऊन आम्ही आमच्या गावी तरुण संघासाठी एक क्रम आखला. शनिवारी संध्याकाळी दीड तास सभागृहात एकत्र बसावयाचे आणि आठवड्यात घरी दोन पाठ करावयाचे. आमच्याजवळ दोन जुने लॅपटॉप आणि मुलांचे मोबाइल एवढीच सामग्री होती. इंटरनेटचा भरवसा नसल्यामुळे पाठ आधीच उतरवून ठेवीत असू. प्रत्येकाजवळ एक वही असे. पाठ संपल्यावर तो बंद करून काम पुन्हा करावयाचे, आणि अडले ते वहीत लिहावयाचे, हा नियम होता. दर आठवड्यास एक कसोटी असे. ती उतरल्याशिवाय पुढचा पाठ नाही.

पहिला आठवडा : कागदपत्रे. दाखल्याचे स्पष्ट छायाचित्र घेणे, त्याची पीडीएफ करणे, तिला ओळखू येईल असे नाव देणे, ती एका फोल्डरमध्ये ठेवणे आणि आकार कमी करणे. कसोटी : "उत्पन्नाचा दाखला दाखव" म्हटल्यावर अर्ध्या मिनिटात तो सापडला पाहिजे.

दुसरा आठवडा : देवनागरी लेखन. येथे आम्ही इनस्क्रिप्ट ही कळपाटाची मांडणी शिकविली. तिच्यात स्वर आणि मात्रा बहुतांशी डाव्या हाताला आणि व्यंजने उजव्या हाताला येतात. सर्वांत मोठा लाभ असा की मराठीत 'क' ज्या कळीवर आहे त्याच कळीवर कन्नडचा, गुजरातीचा आणि तेलुगूचाही 'क' आहे. एकदा बोटे बसली की लिपी बदलली तरी हात तोच राहतो. दोन भाषांत वावरणाऱ्या आपल्या मुलांना ही गोष्ट फार आवडली. कसोटी : दहा ओळींचे पत्र, न पाहता.

तिसरा आठवडा : हिशेब. लिब्रेऑफिसच्या कॅल्कमध्ये घरखर्चाचा महिन्याचा तक्ता करून बेरीज संगणकाकडून करवून घेणे. कसोटी : दुधाचा भाव बदलला तर एकूण खर्च आपोआप बदलला पाहिजे.

चौथा आठवडा : शोध आणि पारख. स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी २०१७ साली इतिहासाचे पंडित, विद्यार्थी आणि वृत्तांची सत्यता तपासणारे लोक ह्यांची तुलना केली. पंडित आणि विद्यार्थी एकाच पानावर खिळून राहिले आणि पानाच्या देखणेपणाला भुलले. तपासनीसांनी मात्र ते पान लगेच सोडले आणि त्याच्याविषयी इतरांनी काय लिहिले आहे ते पाहिले. कसोटी : आलेल्या एका संदेशाची बाहेरून चौकशी करून खरे-खोटे सांगणे.

पाचवा आठवडा : सावधपणा. स्वतःचे ई-मेल खाते उघडणे, पासवर्ड ठेवणे, आणि ओटीपी कोणालाही न सांगणे. यूपीआयवरून पैसे घेण्यासाठी पिन कधीही लागत नाही. जो पिन मागतो तो पैसे देण्यास नव्हे तर नेण्यास आलेला असतो, हे पाठ करून घ्यावे. फसवणूक झालीच तर वेळ न दवडता १९३० ह्या क्रमांकावर कळवावयाचे, हेही वहीत लिहून घ्यावे.

सहावा आठवडा : संपूर्ण काम. एक नमुन्याचा अर्ज आरंभापासून पावतीपर्यंत स्वतः भरणे, आणि मग घरातील एका वडीलधाऱ्या माणसास ह्यांतील एखादे काम शिकविणे. दुसऱ्यास शिकविले म्हणजे आपल्याला काय आले नाही ते कळते.

पहिल्या वेळी चौदा मुले आली; क्रम पुरा केला नऊ जणांनी. गळालेल्या पाचांमध्ये चौघी मुली होत्या, आणि त्यांच्या घरी गेल्यावर कारण फोनचेच निघाले. दुसऱ्या वेळी आम्ही सभागृहाचे दार बुधवारीही उघडे ठेवले आणि ते दोन लॅपटॉप मुलींसाठी राखले. पहिल्या वेळच्या नवांपैकी तिघे सोबती म्हणून बसले. त्या वेळी गळाले दोघेच. आमच्या चुकीतून आम्ही हे शिकलो, म्हणून येथे नमूद केले आहे.

६. समारोप

आरंभी सांगितलेली मुलगी त्या दुसऱ्या वेळच्या वर्गात होती. पुढील वर्षीचा अर्ज तिने स्वतः भरला. त्याला दोन तास लागले. दाखला पुन्हा एकदा अस्पष्ट ठरला आणि अर्ज पुन्हा परत आला! पण ह्या वेळी निरोप तिच्या स्वतःच्या क्रमांकावर आला. त्याच संध्याकाळी खिडकीच्या उजेडात नवे छायाचित्र घेऊन तिने दुरुस्ती केली. अर्ज मंजूर झाला. गेल्या वर्षीची रक्कम काही परत आली नाही, आणि पतपेढीचे हप्ते अजून चालू आहेत. परंतु आता तिच्या शेजारच्या दोन मुली अर्ज घेऊन दुकानाऐवजी तिच्याकडे येतात. ती अर्ज भरून देत नाही. जवळ बसते आणि त्यांच्याकडून भरून घेते.

चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या घरातील कोणती कामे आपण दुकानदाराकडून किंवा मुलांकडून करवून घेतो? त्यांपैकी कोणते काम ह्या महिन्यात स्वतः शिकता येईल?
२. आपल्या महत्त्वाच्या खात्यांत आणि अर्जांत कोणाचा मोबाइल क्रमांक नोंदलेला आहे? आज घरी गेल्यावर पाहा.
३. आपल्या घरी मुलगा आणि मुलगी ह्यांना फोनवर शिकण्यासाठी सारखा वेळ मिळतो काय?
४. सहा आठवड्यांचा असा क्रम आपल्या गावी सुरू करावयाचा झाल्यास जागा, साधने आणि सोबती कोण देईल? तीन नावे लिहून काढा व पुढील सभेपूर्वी त्यांना भेटा.